मालिकेचं पार्श्वसंगीत खऱ्या वाद्यांवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मालिकांसाठी बासरी, सारंगी, सतार, तबला, संबळ अशा वाद्यांवर पार्श्वसंगीत करू पाहणारे तरुण संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं मुंबईत तयार होणाऱ्या दैनंदिन मालिकांना धरून दिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शीर्षकगीत करणारा संगीतकारच पार्श्वसंगीतही करतो का?

करू शकतो, पण पुष्कळदा ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे जातात आणि त्यांचे करारही वेगळे होतात. पार्श्वसंगीत तुमच्याकडे आलं असेल, तर सुरुवातीलाच शीर्षकगीताचा सा (म्हणजे गाण्याची पट्टी), लय आणि वाद्यांचे सुटे ट्रॅक मागून घ्या. मालिका सुरू झाली की शीर्षकगीताची पहिली ओळ बासरीवर हवी, सतारीवर हवी, अशी मागणी येतेच. ती चाल वापरायची परवानगी निर्मितीसंस्थेकडून लेखी घ्या. हक्कांचं पुढे १६ मध्ये आहे.

२. रोज एक भाग दाखवतात, मग दर भागासाठी नवं संगीत करतात का?

नाही, आणि हे नीट समजलं नाही तर पुढची सगळी आखणी चुकते.

दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे आठवड्याला एक भाग आणि १३ भागांची मालिका अशी पद्धत होती, तेव्हा संगीतकाराला चित्र समोर ठेवून काम करायला सवड मिळे. आजच्या दैनंदिन मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा असतो, आठवड्यात पाच-सहा भाग जातात आणि कित्येकदा प्रक्षेपणाच्या आदल्या दिवसापर्यंत भाग संकलकाच्या टेबलावर असतो. एवढ्या वेळात सारंगीवाल्याला बोलावून प्रसंगाबरहुकूम वाजवून घेणं शक्य नसतं.

म्हणून मालिका सुरू होण्याआधी संगीताची बँक तयार करतात. संगीतकार थीम, त्यांची रूपं आणि छोटे तुकडे आधी मुद्रित करून देतो, आणि संगीत संकलक त्यातून निवडून रोजच्या भागावर बसवतो. कथानक वळलं, नवं पात्र आलं, की बँकेत भर पडते.

याचा अर्थ असा की तुम्ही प्रसंग न पाहता संगीत करता. त्यामुळे चाल माणसाच्या स्वभावावर करा. ‘सासू रागावते’ या प्रसंगावर केलेला तुकडा तेवढ्याच कामाचा राहतो. त्या बाईचा करारीपणा आणि एकटेपणा दोन्ही पकडणारी चाल ती रागावली तरी चालते आणि देवघरात एकटी बसली तरी चालते. पटकथेचे पहिले १५-२० भाग तयार असतील तर ते मागा, नाहीतर पात्रांची टिपणं मागा. वाचल्याशिवाय पेटीला हात लावू नका.

३. बँकेत नेमकं काय असावं? किती तुकडे?

चाळीस वेगवेगळे तुकडे देण्यापेक्षा पाच थीम आणि प्रत्येकीची आठ रूपं द्या. या कामात मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो तो याचा. प्रेक्षक ही चाल काहीशे वेळा ऐकणार असतात. ओळखीची चाल वेगळ्या अंगानं भेटली तर ती त्यांच्या मनात पात्राला चिकटते. रोज नवा तुकडा ऐकला तर काहीच चिकटत नाही.

आईची थीम आहे असं धरा. ती एकदा नुसत्या सारंगीवर, तालाशिवाय. एकदा मोठ्या बासरीवर, खालच्या सप्तकात. संतूरवर, सुटे स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा. सतार-तबल्यावर, घरात सण आहे अशा लयीत. तंबोऱ्याच्या साथीनं फक्त शेवटची ओळ. मग त्याच चालीतला एक स्वर कोमल करून, संशयाच्या प्रसंगासाठी. शेवटी पाच-सात सेकंदांचं छोटं रूप, दृश्य बदलण्यापुरतं. हे सगळं एकाच बैठकीत, त्याच वादकांकडून होतं.

शिवाय हवेत स्टिंग, म्हणजे धक्क्याचे दोन-तीन सेकंदांचे तुकडे, आणि भागाच्या शेवटी कथा जिथे अडवून ठेवतात तिथला तुकडा. हे खऱ्या वाद्यांवर फार सुंदर होतात. डग्ग्याची एक घुमारी किंवा सतारीच्या तरफांवरून (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांवरून) फिरवलेलं एक बोट पुरेसं असतं.

आणि एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. नुसता तंबोरा, दोन-तीन मिनिटं, प्रत्येक सा मध्ये. संकलकाचा हात सगळ्यात जास्त वेळा त्याकडेच जातो.

४. आता सॅम्पल (खऱ्या वाद्यांचे आधी मुद्रित केलेले, कीबोर्डवर वाजवता येणारे स्वर) इतके चांगले मिळतात, मग वादक कशाला बोलवायचे?

कारण मालिका लांब चालते. सॅम्पलमधला सारंगीचा स्वर एकदा ऐकला तर खरा वाटतो. पण त्याची सुरुवात दर वेळी तीच असते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणं) त्याच वेगानं वर जाते, आणि महिन्याभरात प्रेक्षकाचा कान नकळत त्याला कंटाळतो. खरा वादक तीच ओळ चार वेळा वाजवतो तेव्हा चारही वेळा गंधारावर वेगळ्या तऱ्हेनं पोचतो. ते चारही टेक, म्हणजे चारही वेळची मुद्रणं, ठेवा, चारही कामाला येतात.

भारतीय वाद्यांत स्वरापेक्षा स्वराकडे जाण्याच्या वाटेला महत्त्व आहे, आणि ती वाट कीबोर्डवर दाबता येत नाही. संतूर, घंटा, टाळ अशी आघाताची वाद्यं सॅम्पलवर बऱ्यापैकी निभतात. बासरी, सारंगी, सतार, व्हायोलिन, सनई निभत नाहीत. बजेट तुटपुंजं असेल तर तालाचा भाग आणि भरणीचे, म्हणजे मागे भरून राहणारे, स्वर संगणकावर करा आणि सगळे पैसे एका उत्तम सारंगी किंवा बासरीवादकावर खर्च करा. एका खऱ्या वाद्यानं आजूबाजूचं सगळं खरं वाटायला लागतं.

५. संवादाखाली कोणतं वाद्य चालतं? निर्माते म्हणतात, संगीतामुळे बोलणं कळत नाही.

आवाज कमी करणं हा याचा शेवटचा उपाय आहे. आधी वाद्य, सप्तक आणि ओळीची लांबी तपासा.

बोलताना पुरुषांच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झ आणि बायकांचा १८० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो. पण शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांची स्पष्टता मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. सतारीची मिजराब (तार छेडायची बोटातली नखी), संतूरच्या काड्या, तबल्याची किनार, टाळ हे सगळे नेमके तिथेच खणखणतात. म्हणून भरगच्च संवादाखाली ही वाद्यं तोडीनं वाजली की शब्द बुडतात.

सारंगीची अडचण वेगळी आहे. ती माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ आहे की पडद्यावर कुणी बोलत असताना दुसरं कुणीतरी मध्ये बोलतंय असं वाटतं. सारंगी संवाद संपल्यावर आणावी. बोलणं थांबलं, चेहरा स्थिर झाला, की तिची जागा.

संवादाखाली चालतात ते लांब, हळू बदलणारे स्वर. मोठ्या बासरीचं मंद्र सप्तक, व्हायोलिनचे खालचे स्वर, चेलो, तंबोरा. चाल अशी बांधा की दोन ओळींमध्ये श्वास घेण्याइतकी जागा राहील. संकलक बरोबर त्या जागेत महत्त्वाचं वाक्य बसवतो.

६. सा कोणता धरायचा?

वादकांना विचारून. संगणकावर पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) सोयीची वाटते म्हणून सगळी बँक पांढरी एकमध्ये करणारे तरुण खूप आहेत, आणि मग वाद्यं ओढून-ताणून वाजवावी लागतात.

बासरीवाल्याकडे प्रत्येक सुराची वेगळी बासरी असते. पांढरी तीनची मोठी बासरी गंभीर आणि भरीव बोलते, तीच चाल काळी चारच्या किंवा त्याहून छोट्या बासरीवर अल्लड होते. तबला एका मापाचा असेल तर दोन-तीन सुरांच्या टप्प्यातच नीट लागतो. त्यापलीकडे नेला की वर आवळून फुटका वाजतो नाहीतर खाली ढिला पडतो. वेगळा सा म्हणजे वेगळा तबला. पेटी जशी बनली तशीच, तिला जागेवर सुरात आणता येत नाही. म्हणून पेटी असेल त्या दिवशी बाकी सगळ्यांनी पेटीला लावून घ्यायचं. पेटी बरोबर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली असेलच असं नाही. आधी मोजा आणि संगणकावरचे सूर तिच्याकडे सरकवा.

सगळी बँक दोन किंवा तीन सा मध्ये बसवली तर उत्तम. संकलक एका तुकड्यातून दुसऱ्यात जातो तेव्हा सूर भांडत नाहीत.

७. थीम रागात बांधावी का?

रागाचा आधार घ्यावा, रागाचं प्रदर्शन मांडू नये. मराठी घरांत नाट्यसंगीत, भावगीत आणि भजन यांमुळे कान तयार असतो. नाव माहीत नसलं तरी रंग ओळखू येतो. पण दुःख दिसलं की तीच ठरलेली करुण सुरावट लावण्यानं प्रसंग स्वस्त होतो. प्रसंगातलं दुःख नट दाखवतोच आहे. संगीतानं त्या दुःखामागची गोष्ट सांगावी: लहानपणचं घर, दिलेला शब्द, राहून गेलेली भेट.

८. गावाकडची मालिका आहे. लोकवाद्यं कुठली घ्यावीत?

गाव कुठलं, हे आधी विचारा. ‘गावाकडचं’ असं एक वाद्य नाही. कोल्हापूर-सांगलीकडे हलगी कडाडते. विदर्भात खंजिरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची आठवण येते. पालघरच्या वारली पाड्यांवर तारपा आहे. कोकणाच्या दक्षिण टोकाला आणि गोव्यात घुमट आहे. सातारच्या वाड्यात घडणाऱ्या गोष्टीत घुमट वाजलं तर तिथल्या माणसाला ते परकं वाटतं आणि गोव्याच्या माणसाला आपलं कुणीतरी उगाच वापरलं असं वाटतं.

दुसरी गोष्ट, काही वाद्यांना देवाचं नातं आहे. संबळ गोंधळ्यांच्या हातातलं, देवीच्या जागराचं वाद्य आहे. चौंडकं यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचं. संबळ मारामारीसाठी किंवा विनोदासाठी सर्रास वापरतात, ते मला पटत नाही. जागराचा, नवसाचा, न्याय मागण्याचा प्रसंग येईपर्यंत संबळ राखून ठेवा, तेव्हा ती अंगावर काटा आणते. शक्य असेल तर गोंधळी कलावंतालाच बोलवा. स्टुडिओतला तालवादक बोल वाजवू शकतो, पण लय चढवत नेण्याचा त्यांचा ढंग परंपरेनं हातात आलेला असतो.

घुमटाबद्दल एक माहिती असू द्या. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं ताणत. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. भाड्यानं किंवा विकत घेताना कातडं कशाचं आहे ते विचारा.

९. मला स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. वादकांना काय देऊ?

सरगम द्या. बासरी, सारंगी, सतार वाजवणारे बहुतेकजण तुमची ओळ एकदा गाऊन दाखवली की स्वतःच्या वहीत स्वतःच्या पद्धतीनं लिहून घेतात. ते लिहून घेत असताना घाई करू नका. चांगलं गुणगुणता येणं हे इथे लिहिता येण्यापेक्षा मोलाचं आहे.

व्हायोलिन, व्हिओला, चेलोचा ताफा बोलावणार असाल तर मात्र लिखित नोटेशन लागतंच. मुंबईत ही परंपरा मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या संगीतकारांनी रुजवली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या मंडळींनी चित्रपटसंगीतात वाद्यवृंदासाठी लिहिण्याची शिस्त आणली. नोटेशन लिहिता येत नसेल तर अरेंजर, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहून देणारा संगीतकार, घ्या आणि त्याचं मानधन आधीच बजेटमध्ये धरा.

१०. क्लिकवर वाजवायचं की मोकळं?

क्लिक म्हणजे वादकाच्या कानात वाजणारी ठरलेल्या लयीची टिकटिक. तालाचे तुकडे क्लिकवर, आलापीचे तुकडे मोकळे. सारंगीच्या आलापाला क्लिक लावला तर मींड मापात कापल्यासारखी येते.

क्लिकची लय निवडताना थोडा हिशेब करा. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची होते. ७५ धरली तर २० फ्रेम, १२५ धरली तर १२. लय १२० असेल तर मात्रा साडेबारा फ्रेमवर येते आणि संकलकाला प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर अर्धी फ्रेम मागे-पुढे करावं लागतं. ऐकताना अर्ध्या फ्रेमनं काही बिघडत नाही, पण घाईत कापणाऱ्याला पूर्ण आकडे सोपे जातात.

११. एका शिफ्टमध्ये किती काम उरकतं?

क्रम कसा लावता, यावर सगळं आहे. सारंगी, सतार, संतूर यांच्या तरफा किंवा तारा त्या-त्या सुरावटीत लावाव्या लागतात. पहिला तुकडा यमनच्या स्वरांत, दुसरा तोडीच्या, तिसरा परत यमनच्या, असा क्रम लावला तर वादकाचा अर्धा दिवस तारा लावण्यात जातो आणि बोटं थकतात ती वेगळीच. म्हणून एका सा चे, एका थाटाचे तुकडे सलग घ्या. त्यातही आधी मोकळे, शांत तुकडे, मग तालाचे. सकाळी कान ताजे असतात आणि इमारतीत गडबड कमी असते.

मुख्य थीम आणि तिची सगळी रूपं झाल्यावरच पुढची थीम काढा. शेवटचा अर्धा तास वादकाला मोकळा द्या. नुसता सा आणि मनःस्थिती सांगा आणि त्याला हवं ते वाजवू द्या. बँकेतले सगळ्यात जिवंत तुकडे पुष्कळदा या अर्ध्या तासात मिळतात. त्यासाठीचं मानधन आणि श्रेय यांबद्दल आधीच बोला (१६ व १७ पाहा).

१२. माईक कुठे लावायचा?

वाद्याभोवती एक कान झाकून फिरा. जिथे वाद्य पूर्ण ऐकू येतं तिथे माईक. पुढचं सगळं सुरुवातीपुरतं आहे.

बासरीत तोंडाच्या भोकासमोर माईक ठेवला तर फुंकर जास्त आणि सूर कमी येतो. दीड-दोन फुटांवर, तोंडापेक्षा थोडा वर, बोटांकडे वळवून ठेवा. थोडा श्वास ऐकू येऊ द्या, तो पुसून टाकू नका. सारंगीसाठी कातडं मढवलेल्या पोटासमोर, एक-दीड फुटावर. गजाची खरखर टोचत असेल तर रिबन माईक ती मऊ करतो. सतारीला घोडीच्या दिशेनं, पण फार जवळ नको, मिजराबीचा टकटकाट येतो आणि जवारीचा (घोडीवरून तार घासून येणाऱ्या झंकाराचा) भरीवपणा हरवतो. तबल्याला दोन, एक तबल्यावर आणि एक डग्ग्यावर, दोन्ही वरून. डग्ग्याच्या माईकला अंतर द्या, जवळ नेला की घुमारा फुगतो. संबळ आणि हलगी यांना चार-पाच फूट लांबून घ्या, खोली मोठी असेल तर आणखी लांबून.

एका वाद्याला दोन माईक लावले तर एकत्र ऐकून तपासा. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दोन्ही माईकांवर तो वेगवेगळ्या वेळी पोचला की काही स्वर एकमेकांना खातात आणि वाद्य पोकळ वाजतं.

वादकाच्या मनगटातलं कडं, खिशातल्या किल्ल्या आणि करकरणारी खुर्ची आधी बघा. जमिनीवर बसणाऱ्या वादकाला जाड सतरंजी द्या.

१३. पावसाळ्यात तबला उतरतो, एसीत बासरी खाली जाते. काय करावं?

दोघांची कारणं वेगळी आहेत. दमट हवेत कातडं ओलावा धरून सैल पडतं, म्हणून तबल्याचा सूर उतरतो. एसीत ते कोरडं पडून ताणतं आणि सूर चढतो. बासरीचा सूर आतल्या हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. एका अंश सेल्सिअसनं अर्ध्या सुराच्या साधारण तीन शतांश एवढा फरक पडतो. थंड स्टुडिओत पहिल्या टेकला बासरी खाली असते आणि वाजवून गरम झाली की वर येते.

उपाय एकच. वाद्यं तासभर आधी त्या खोलीत आणा, एसीचं तापमान ठरवा आणि दिवसभर बदलू नका. एसीचा आवाज येत असेल तर टेकपुरता बंद करावा लागतो, तेव्हा टेक छोटे ठेवा आणि प्रत्येक टेकआधी सा तपासा. पहिल्या टेकची बासरी आणि पाचव्या टेकची बासरी एकाच ओळीत जोडायला जाऊ नका.

१४. घरी रेकॉर्ड केलेलं चालतं का? वादक दुसऱ्या गावी असेल तर?

एकल वाद्य चालतं, खोली शांत आणि मऊ असेल तर. भिंतींना गोधड्या, खाली सतरंजी, पंखा आणि फ्रीज बंद, वेळ रात्रीची. घुमणारी रिकामी खोली टाळा. तो घुमारा नंतर काढता येत नाही, आणि हवा असेल तर नंतर घालता येतो.

दुसऱ्या गावच्या वादकाला तुमचा कच्चा ट्रॅक, क्लिक आणि सा पाठवा. त्याच्याकडून मागायचं ते असं: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल, कोणताही इफेक्ट न लावलेली, तुमच्या ट्रॅकच्या शून्यापासून सुरू होणारी, आणि शेवटी दहा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज. तो जोडकामात उपयोगी पडतो. फोनवर मुद्रित करून मेसेजमधून पाठवलेली फाइल दाबली जाते. ती चाल ठरवण्यापुरती ठीक, प्रक्षेपणासाठी नको.

१५. तुकडे कसे सोपवायचे? संकलक मधेच कापतात आणि चाल तुटते.

ते कापणारच, म्हणून कापण्याच्या जागा तुम्हीच ठेवा. ताल असेल तर दर चार आवर्तनांनी समेवर एक स्वच्छ थांबा. आलापी असेल तर ओळ सा किंवा प वर येऊन विसावते आणि एक-दोन सेकंद काही वाजत नाही, अशी बांधणी. शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत मुद्रण चालू ठेवा. तरफांची आस बराच वेळ राहते, ती अर्धवट तोडली तर लगेच कळतं.

प्रत्येक तुकडा पूर्ण मिश्रण म्हणून द्या आणि वाद्यांचे गटही वेगळे द्या: मुख्य वाद्य, ताल, भरणी, तंबोरा. संवाद आला की संकलक मुख्य वाद्य काढून भरणी तेवढी चालू ठेवतो, आणि तुमची चाल न तुटता मागे सरते. फाइलच्या नावात पात्र, रूप, वाद्य, सा आणि लय असू द्या, उदाहरणार्थ ‘आई-शांत-सारंगी-काळी एक-मोकळं’. भागाची अंतिम लाऊडनेस चॅनलच्या तांत्रिक पत्रकाप्रमाणे अंतिम मिश्रण करणारा ठरवतो. तुम्ही तुकडे आवळून मोठे करू नका, चढ-उतार राहू द्या.

१६. हक्क कुणाचे? ‘सगळे हक्क निर्मात्याचे’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू का?

सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आपल्या बाजूनं काय आहे, तेवढं इथे सांगतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि २०१२ ची दुरुस्ती संगीतकारांसाठी महत्त्वाची आहे. कायद्यातली चित्रपटाची व्याख्या व्यापक आहे, मालिकेचा भागही तीत येतो. संगीताचे हक्क तुम्ही निर्मात्याला लिहून दिले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरच्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा लिहून देता येत नाही, दिला तर तो करार त्यापुरता निरर्थक ठरतो. हा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हक्कांचं हस्तांतर लेखीच असावं लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

रॉयल्टी आपोआप चालत येत नाही. संगीतकार आणि गीतकारांची अशी सोसायटी, म्हणजे त्यांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणारी संस्था, आहे आयपीआरएस. तिचं सभासदत्व घ्या, आणि कोणत्या भागात कोणता तुकडा किती सेकंद वाजला याची क्यू शीट निर्मितीसंस्था भरते का, ते करार करतानाच विचारा. मालिका दुसऱ्या भाषेत डब झाली किंवा तुमची थीम दुसऱ्या मालिकेत गेली तर काय, ही दोन कलमं कागदावर असू द्या.

१७. वादकाचं नाव श्रेयनामावलीत दिलंच पाहिजे का?

द्यावं, आणि त्याला कायदेशीर वजनही आहे. वादक हा कायद्यानं ‘कलाकार’ आहे आणि कलाकाराच्या हक्कांची मुदत ५० वर्षं आहे. पण ज्याचं सादरीकरण किरकोळ स्वरूपाचं आहे आणि ज्याचं नाव प्रथेप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला चित्रपटाच्या बाबतीत जवळजवळ सगळ्याच हक्कांसाठी कलाकार धरत नाहीत. म्हणजे नाव गळलं की हक्कही डळमळतो. रोजच्या भागात नावं झरझर जातात, तरी निदान मुख्य वाद्यवादकाचं नाव द्यायला निर्मात्याला लावा. ज्याच्या सारंगीवर पूर्ण मालिका उभी आहे, त्याचं नाव कुठेच नसणं हा अन्याय आहे.

१८. जुन्या अभंगाची चाल नुसती बासरीवर वाजवली, शब्द नाहीत. तरी परवानगी लागते?

लागू शकते. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले आहेत, त्यांवर कुणाचा हक्क नाही. पण आपण गुणगुणतो ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते, आणि चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून होते. १९९० मध्ये निधन झालं असेल तर २०५० संपेपर्यंत. शब्द काढल्यानं फरक पडत नाही, कारण हक्क सुरावटीवरच आहे.

दिंडीत, वारकरी भजनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालींना ही अडचण नाही. चाल परंपरेतली की कुणाची, हे कळत नसेल तर जुन्या भजनी मंडळातल्या माणसाला विचारा. तरीही शंका राहिली तर स्वतःची चाल बांधा. अभंगाचा छंद आणि पखवाजाचा ठेका तेवढा ठेवला तरी प्रेक्षकाला पंढरीची वाट दिसते. राग, ताल, ठेके यांवर कुणाची मालकी नसते.

१९. मालिका चालू असताना बासरीवादक बदलावा लागला तर?

असं घडतंच. माणूस दौऱ्यावर जातो, आजारी पडतो. दुसरा वादक कितीही मोठा असला तरी फुंकर वेगळी, मींड वेगळी. जुन्या वादकाचे तुकडे आणि नव्याचे तुकडे एका ओळीत किंवा एकाच प्रसंगात जोडू नका. नव्या वादकाकडून जुनी थीम हुबेहूब वाजवून घेण्याचा अट्टाहासही नको, त्याला तिचं नवं रूप करू द्या. ते रूप कथानकात काही बदलतं तिथून वापरात आणा: पात्र गाव सोडतं, काही वर्षं लोटतात, लग्न होतं. मग बदललेली बासरी त्या बदलाचाच भाग वाटते.

पहिल्या सत्रापासून एक वही ठेवली तर हे सोपं जातं. कोणती बासरी, तिचा सा मोजून किती, माईक कोणता, किती अंतरावर, कुठे वळवलेला, खोलीचं तापमान, कोणता टेक निवडला. आणि न निवडलेले टेकही पुसू नका. वादक परत येईपर्यंतचे काही आठवडे पुष्कळदा त्यांवरच निघतात.